‘वेबसाइटवर टाका, होऊन जाईल’: एका सल्ल्याचा प्रतिवाद

जुन्या कॅसेटी, घरगुती ध्वनिमुद्रणं, व्याख्यानं, कीर्तनं जपणाऱ्या माणसांना हल्ली एक सल्ला हमखास मिळतो. फाइल एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात न्यायची आहे ना? मग फुकटची एखादी वेबसाइट उघडा, फाइल तिथे टाका, ‘कन्व्हर्ट’ दाबा, होऊन जाईल. त्याला जोडून असंही सांगितलं जातं की कमांड लाइन, म्हणजे टर्मिनलच्या काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून काम करून घेणं, हा इंजिनिअर मंडळींचा प्रांत आहे. सामान्य माणसाने त्या वाटेला जाऊ नये. असा सल्ला देणारी माणसं भली असतात, त्यांना मदतच करायची असते. तरीही हा सल्ला चुकीचा आहे. पुन्हा कधीही मिळणार नाही असा आवाज ज्यांच्याजवळ आहे, त्यांच्यासाठी तर तो घातक आहे.

रूपांतर हे हमालीचं काम आहे, आवाज इथून उचलायचा आणि तिथे ठेवायचा, अशी समजूत या सल्ल्याच्या मुळाशी आहे. प्रत्यक्षात प्रत्येक रूपांतरात काही निर्णय घेतले जातात: काय ठेवायचं, काय टाकायचं, किती बारकाईने ठेवायचं. बटण दाबणाऱ्या माणसाला हे निर्णय दिसत नाहीत, पण ते झालेले असतात, आणि त्यांतले बरेचसे परत फिरवता येत नाहीत.

सीडीवर आवाज कसा ठेवलेला असतो ते पाहा. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, डावी-उजवी अशा दोन वाहिन्या. म्हणजे सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट, मिनिटाला साधारण १० एमबी. हाच आवाज १२८ केबीपीएसच्या एमपी३मध्ये नेला की सेकंदाला १२८ किलोबिट उरतात. अकरापैकी एक हिस्सा राहतो, दहा जातात. हे शक्य होतं कारण माणसाच्या कानाच्या काही मर्यादा आहेत. मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज कानाला लागत नाही, फार उंच कंप्रता वयाबरोबर ऐकू येईनाशा होतात. जर्मनीतल्या एर्लांगेन इथल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्ट्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मर्यादांचा बारकाईने अभ्यास केला, त्यातून एमपी३ घडलं आणि १९९३मध्ये ते आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून प्रसिद्ध झालं. मला त्या कामाबद्दल मनापासून आदर आहे. मोडेमच्या काळात संगीत तारेवरून प्रवास करू शकलं ते त्याच्यामुळे. पण जे दहा हिस्से जातात ते कायमचे जातात. एमपी३ पुन्हा वेव्हमध्ये, म्हणजे आवाज न दाबता ठेवणाऱ्या प्रकारात, बदलली तर फाइल फुगते, आवाज परत येत नाही.

आता मराठी माणसाच्या संग्रहात काय असतं ते डोळ्यांपुढे आणा. भजन असतं, त्यात टाळ असतात, चिपळ्या असतात. एमपी३चा एन्कोडर, म्हणजे आवाज दाबून फाइल बनवणारा प्रोग्रॅम, आवाज सलग घेत नाही. १,१५२ नमुन्यांचे तुकडे पाडून घेतो, म्हणजे सीडीच्या वेगाला एकेक तुकडा सुमारे २६ मिलिसेकंदांचा. टाळ वाजतो तो तुकड्याच्या मध्यावर कुठेतरी, एका क्षणात. बिट वाचवण्याची तडजोड करताना निर्माण झालेला गोंगाट मात्र तुकडाभर पसरतो, म्हणजे टाळ वाजण्याच्या आधीही ऐकू येतो. अभियंते याला प्री-एको म्हणतात. असा आघात ओळखला की एन्कोडर लहान तुकडे वापरतो, पण बिटरेट, म्हणजे सेकंदाला मिळणारे बिट, तुटपुंजा असला की तेवढ्याने भागत नाही. परदेशी प्रयोगशाळांमध्ये हा दोष पकडायला कॅस्टनेट हे वाद्य वापरत आले आहेत. आपल्याकडे तेच काम चिपळ्या करतील. कमी बिटरेटच्या एमपी३मध्ये टाळांची धार बोथट होते, झांजेचा नाद भुरभुरीत होतो, हे कुठल्याही वारकरी माणसाला कान देऊन ऐकलं तर कळतं.

किंवा ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरचं एखादं नाट्यगीत घ्या. तबकडीची खरखर हा एन्कोडरच्या दृष्टीने सर्वांत महागडा माल, कारण खरखरीला आकृतिबंध नसतो आणि ज्याला आकृतिबंध नाही ते थोडक्यात लिहिता येत नाही. मोजके बिट खरखरीवर खर्च होतात आणि त्याची किंमत गाणाऱ्याच्या आवाजाला मोजावी लागते. वेबसाइटवरचं ‘हाय क्वालिटी’ हे बटण यातलं काहीच विचारत नाही. समोर तबकडी आहे की आजचं पॉप गाणं आहे, हे त्याला माहीतच नसतं.

याहून मोठं नुकसान एका दुसऱ्या समजुतीने होतं. १२८ची फाइल ३२०मध्ये बदलली की क्वालिटी वाढते, असं शिकलेली-सवरलेली माणसंही छातीठोकपणे सांगतात. तासाभराची १२८ केबीपीएसची फाइल सुमारे ५८ एमबीची असते. ३२०ची १४४ एमबीची. वाढलेले ८६ एमबी म्हणजे दुधात घातलेलं पाणी. उलट नुकसान होतं. दुसऱ्यांदा काम करणाऱ्या एन्कोडरला मूळ आवाज कोणता आणि पहिल्या एन्कोडरने सोडलेला गोंगाट कोणता हे कळत नाही, तो दोन्ही आवाज समजून जपतो आणि स्वतःचा गोंगाट वर चढवतो. एकदा, दोनदा, तीनदा असं होत गेलेल्या फाइली आज हातोहात फिरत आहेत. त्यांवर ‘३२० एचडी’ असं लिहिलेलं असतं. लोक मूळ फाइल पुसून ही ठेवतात, कारण आकडा मोठा आहे.

व्हिडिओतून आवाज काढण्याचं काम सगळेच करतात, आणि बटण कसं चुकतं ते तिथे सर्वांत स्पष्ट दिसतं. फोनवर घेतलेल्या कीर्तनाच्या व्हिडिओत आवाज बहुधा एएसी या प्रकारात आधीच दाबून बसवलेला असतो. वेबसाइट काय करते? तो एएसी उलगडते, पुन्हा दाबून एमपी३ बनवते आणि तुमच्या हाती देते. पुन्हा एकदा दाबल्याचं नुकसान विनाकारण झालं. कमांड लाइनवर एफएफएमपेग हे साधन वापरलं तर मूळ फाइलचं नाव द्यायचं, चित्र नको असं सांगणारा ‘व्हीएन’ हा पर्याय लिहायचा, ‘सी, अपूर्णविराम, ए’ या पर्यायापुढे ‘कॉपी’ लिहायचं आणि शेवटी एम४ए प्रत्यय असलेलं नव्या फाइलचं नाव. आवाज जसाच्या तसा, एक बिटही न बदलता, व्हिडिओच्या पेटीतून उचलून दुसऱ्या पेटीत ठेवला जातो. तासाभराच्या फाइलीला काही सेकंद लागतात, कारण नव्याने काही दाबायचंच नसतं. हा पर्याय मला रूपांतराच्या वेबसाइटवर क्वचितच दिसतो. ज्याला ‘कॉपी’ हा एक शब्द माहीत आहे त्याने बटणावर अवलंबून राहणाऱ्या माणसापेक्षा अधिक आवाज वाचवला आहे.

पेटी आणि पेटीतला माल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कमांड लाइन पहिल्या दिवशी शिकवते. एफएफएमपेगसोबत एफएफप्रोब नावाचं छोटं साधन येतं. त्याला फाइलचं नाव द्या, आत कोणता कोडेक, म्हणजे दाबण्या-उलगडण्याची कोणती पद्धत, आहे, नमुन्यांचा दर किती, वाहिन्या किती, बिटरेट किती, सगळं समोर लिहून येतं. फाइलच्या नावात शेवटी एमपी३ लिहिलं म्हणून आत एमपी३ असतंच असं नाही. नाव बदलून ‘रूपांतर’ केलेल्या कितीतरी फाइली संग्रहांमध्ये पडून असतात.

‘वेबसाइटही तेच करते, मग त्रास कशाला?’ असा आक्षेप घेतला जातो. अर्ध्यापर्यंत तो खरा आहे, कारण अशा अनेक सेवांच्या पोटात एफएफएमपेगच चालतो. फाब्रिस बेलार नावाच्या फ्रेंच प्रोग्रामरने २००० साली सुरू केलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर. व्हीएलसी प्लेअर त्याचीच लायब्ररी वापरतो, ऑडॅसिटी हे ध्वनिसंपादनाचं साधनही अनेक प्रकारच्या फाइलींसाठी त्याच्याकडेच धाव घेतं. पण म्हणूनच मी विचारतो, जे साधन तुमच्या स्वतःच्या संगणकावर फुकट चालतं, त्यासाठी आपल्या आईचा आवाज अनोळखी माणसाच्या सर्व्हरवर का पाठवायचा? तिथे त्या फाइलीचं काय होतं, ती कधी पुसली जाते, पुसली जाते की नाही, हे तुम्हाला तपासता येत नाही. मौखिक इतिहासासाठी घेतलेल्या मुलाखतींमध्ये माणसं जात, जमीन, मारहाण, घरातली भांडणं यांविषयी विश्वासाने बोललेली असतात. तो विश्वास मुलाखत घेणाऱ्याला दिलेला असतो, एखाद्या जाहिरातींनी भरलेल्या पानाला दिलेला नसतो. आणि ही भीती कल्पनेतली नाही. मार्च २०२५मध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने लोकांना जाहीर इशारा दिला होता की फुकट फाइल-रूपांतर करून देणाऱ्या काही ऑनलाइन साधनांतून संगणकात घातक सॉफ्टवेअर शिरवलं जात आहे आणि टाकलेल्या फाइलींमधली खाजगी माहितीही उचलली जाते.

‘कानाला फरक कळत नाही’ हा आक्षेप मात्र गांभीर्याने घ्यायला हवा, कारण त्यात तथ्य आहे. चांगल्या एन्कोडरने केलेली २५६ किंवा ३२० केबीपीएसची एमपी३ आणि मूळ सीडी यांतला फरक डोळे बांधून बहुतेकांना सांगता येणार नाही. २०१२मध्ये प्रमाण झालेला ओपस हा कोडेक तर त्याहून कमी जागेत उत्तम ऐकवतो. बसमध्ये, स्वयंपाकघरात, चालताना ऐकायला अशा फाइली खुशाल वापराव्यात, मीही वापरतो. माझा वाद ऐकण्याच्या प्रतीशी नाही. ऐकायची प्रत आणि जपायची प्रत एकच मानण्याशी आहे.

कारण जपायच्या प्रतीवर पुढे काम व्हायचं असतं. कोणी खरखर काढेल, कोणी मंद गतीने वाजवून गायकाची जागा उतरवून घेईल, कोणी बोलीचा अभ्यास करेल. हे सारं करताना एन्कोडरने ‘कानाला लागत नाही’ म्हणून टाकलेलं नेमकं लागतं. आवाजाची गती बदलली, काही कंप्रता उचलल्या, की आधी झाकलेली तडजोड उघडी पडते. आता मुलाखतींचं लेखी रूप करून देणारी यंत्रं आली आहेत. त्यांतल्या अनेकांना सेकंदाला १६,००० नमुने आणि एकच वाहिनी पुरते. तशी प्रत जरूर करावी. पण त्या दराने घेतलेल्या फाइलीत ८,००० हर्ट्झच्या वरचं काहीही उरत नाही, आणि काम झाल्यावर हीच प्रत ठेवून मूळ पुसण्याचा प्रकार मी संस्थांमध्येही पाहिला आहे. अशा वेळी मला राग येतो, आणि तो यावा असंच मला वाटतं.

जपायच्या प्रतीसाठी फ्लॅक हा प्रकार आहे. जॉश कोल्सन यांनी तो २००१मध्ये पूर्णत्वाला नेला, आणि डिसेंबर २०२४मध्ये त्याचं अधिकृत इंटरनेट प्रमाणही प्रसिद्ध झालं. फ्लॅक जागा वाचवतो, साधारणपणे मूळच्या अर्ध्या ते दोन-तृतीयांश जागेत फाइल बसते, पण टाकत काहीच नाही. उलगडलं की मूळचा प्रत्येक नमुना जसाच्या तसा. शून्य ते आठ असे त्याचे स्तर असतात, आणि आठवा स्तर ‘जास्त क्वालिटी’चा असा गैरसमज सर्रास आढळतो. सगळ्या स्तरांना आवाज एकच असतो, फरक फक्त लागणारा वेळ आणि जागा यांत.

फ्लॅकच्या ज्या गुणाबद्दल फार कमी बोललं जातं तो मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. फाइल बनवताना मूळ आवाजाची एक गणिती खूण, एमडी५, फाइलच्या सुरुवातीलाच नोंदवली जाते. दहा वर्षांनी फ्लॅकच्या कमांडला ‘टी’ हा तपासणीचा पर्याय देऊन फाइल दिली, की ती पूर्ण उलगडून पुन्हा खूण काढते आणि जुनीशी ताडून पाहते. डिस्कचा कोपरा खराब होऊन एक बिट जरी उलटला असेल तरी कळतं. संपूर्ण संग्रहावर ही तपासणी एका ओळीत लावता येते, रात्री लावून ठेवली की सकाळी कुठल्या फाइली आजारी आहेत त्याची यादी तयार. एमपी३च्या ढिगाला अशी तपासणी नाही. तिथे फाइल बिघडल्याचं कळतं ते एखाद्या श्राद्धाला आजोबांचा आवाज लावायला गेल्यावर.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी आणखी एक कारण आहे, आणि त्याकडे इंग्रजीत सल्ले देणारे कधी वळत नाहीत. फाइलीच्या आत गायक, गाणं, साल अशा नोंदी असतात. एमपी३च्या अगदी जुन्या नोंदपद्धतीत शीर्षकाला ३० बाइट एवढीच जागा आणि युरोपीय अक्षरांपुरती व्यवस्था होती. देवनागरी तिथे बसतच नाही, प्रश्नचिन्हांची रांग तरी उमटते किंवा अगम्य चिन्हांचा चिखल. नव्या आवृत्त्यांनी युनिकोड स्वीकारलं, पण त्यांतही २.३ आणि २.४ अशा दोन आवृत्त्या प्रचलित आहेत आणि काही जुनी यंत्रं फक्त २.३ वाचतात. एफएफएमपेग मुळात २.४ लिहितो, आणि २.३ हवी असेल तर एका पर्यायाने तसं सांगता येतं. फ्लॅकमधल्या नोंदी यूटीएफ-८मध्ये असतात, त्यांत देवनागरीला अडचण येत नाही. वेबसाइटवरून फिरून आलेल्या फाइलींमध्ये मात्र ‘अज्ञात कलाकार’ एवढंच उरलेलं मी वारंवार पाहिलं आहे. ज्या फाइलीतून गाणाऱ्याचं नाव गेलं, तिच्यातून अर्धा इतिहास गेला.

‘पण सामान्य माणसाला हे जमणार नाही.’ हा आक्षेप मला सर्वांत कमी पटतो, कारण त्यात माणसांना कमी लेखणं आहे. ज्या पिढीने कॅसेट पेन्सिलीने गुंडाळली, डेकचं हेड स्पिरिटने पुसलं, रेडिओची सुई केसभर सरकवून केंद्र पकडलं, तिला चार शब्दांची एक ओळ टाइप करता येणार नाही, असं कोण म्हणतं? एफएफएमपेग, एक जागा सोडून वजाचं चिन्ह लावलेला ‘आय’, मूळ फाइलचं नाव, नव्या फाइलचं नाव. नव्या नावाचा प्रत्यय फ्लॅक असेल तर फ्लॅक होते, ओपस असेल तर ओपस. विंडोजवर विंगेटने, मॅकवर होमब्रूने आणि लिनक्सवर नेहमीच्या भांडारातून हे साधन काही मिनिटांत बसतं. मॅकवर तर एएफकन्व्हर्ट नावाचं वेगळं साधन आधीपासूनच असतं. रोमन अक्षरं ओळखणाऱ्या कुणालाही एका दुपारी हे शिकता येतं.

आणि एकदा शिकलं की हेच साधन सगळ्यांत सोपं ठरतं. ९० मिनिटांच्या कॅसेटींनी भरलेलं कपाट ज्याने डिजिटल केलं आहे त्याच्याकडे शेकडो फाइली असतात. वेबसाइटवर त्या एकेक चढवा, थांबा, उतरवा, नाव दुरुस्त करा. टर्मिनलमध्ये ‘या फोल्डरमधल्या प्रत्येक वेव्ह फाइलसाठी हे कर’ अशा अर्थाची एक ओळ लिहायची आणि जेवायला जायचं. पहिल्या फाइलीला लावलेला नियमच शेवटच्या फाइलीला लागतो. माणूस कंटाळतो, तीनशेव्या फाइलीला चुकीचा पर्याय निवडतो. ती ओळ कंटाळत नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती ओळ लिहिलेली असते. एखाद्या साध्या मजकूर-फाइलीत ती चिकटवून संग्रहाच्या फोल्डरमध्ये ठेवली, की पुढच्या पिढीतल्या माणसाला कळतं की ही प्रत कशातून, कोणत्या साधनाने, कोणत्या पर्यायांनी काढली. बटणाच्या कामाची अशी नोंद मागे राहत नाही. कुठला बिटरेट होता, आवाज ‘सुधारला’ होता का, दोन वाहिन्यांची एक केली का, कोणाला आठवणार? अभ्यासकाच्या दृष्टीने नोंद नसलेली प्रत ही संशयास्पद प्रत असते.

कमांड लाइन चुकत नाही असा दावा मी करत नाही. एमपी३ करताना बिटरेट सांगितला नाही तर एफएफएमपेगसुद्धा १२८ केबीपीएस धरून चालतो. २४ बिटांची फाइल १६ बिटांवर आणताना सॉक्स हे १९९१पासूनचं साधन आपणहून डिदर, म्हणजे त्रुटी विरघळवणारा बारीक गोंगाट, मिसळतं. एफएफएमपेग सांगितल्याशिवाय तसं करत नाही. आवाजाची पातळी एकसारखी करणारा लाउडनॉर्म हा फिल्टर नेहमीच्या पद्धतीने एका फेरीत लावला आणि पुढे नमुन्यांचा दर दिला नाही, तर सेकंदाला १,९२,००० नमुन्यांची अवाढव्य फाइल हाती येऊ शकते. हे सापळे खरे आहेत. पण ते सगळे माहितीपत्रकात लिहिलेले आहेत, आणि काम चालू असताना आत काय आलं आणि बाहेर काय चाललंय हे एफएफएमपेग पडद्यावर छापत असतो. चूक दिसते, आणि दिसलेली चूक त्याच ओळीत एक शब्द घालून सुधारता येते. शिवाय मूळ फाइल सुरक्षित राहते. त्याच नावाची फाइल आधीच असेल तर तो विचारल्याशिवाय तिच्यावर लिहीत नाही, आणि मूळ फाइलीवरच नवी लिहायला साफ नकार देतो.

खिडक्या-बटणांची साधनं टाकून द्या असंही माझं म्हणणं नाही. कॅसेटच्या दोन बाजू वेगळ्या करायच्या, मधली शांतता कापायची, एखादा खटका काढायचा, तर लाटेचं चित्र डोळ्यांना दिसलंच पाहिजे, आणि तिथे ऑडॅसिटीसारखं साधन हवंच. कापणं डोळ्यांनी करावं, रूपांतर लिहून करावं.

जे संस्था चालवतात त्यांच्याकडून माझी अपेक्षा जास्त आहे. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, आयासाच्या, मार्गदर्शक तत्त्वांनुसार कॅसेट-तबकडीसारख्या ॲनालॉग मूळ प्रतीवरून डिजिटल प्रत घेताना किमान ४८,००० नमुने आणि २४ बिट हवेत, ९६,००० असतील तर उत्तम. ९६,०००च्या दराने ९० मिनिटांच्या एका कॅसेटला सुमारे ३.१ जीबी लागतात. पूर्वी ही चैन होती. आज काही हजार रुपयांच्या डिस्कमध्ये अशा शेकडो कॅसेटी मावतात. रात्रभराच्या जागराचं किंवा तमाशाच्या वगाचं सलग ध्वनिमुद्रण असेल तर वेगळी अडचण येते. साध्या वेव्ह फाइलीची कमाल मर्यादा ४ जीबी आहे आणि या दराने ती दोन तासांच्या थोडं पुढे संपते. त्यासाठी आरएफ६४ हा विस्तार आहे, तोही एफएफएमपेगला एका पर्यायाने सांगता येतो. फुकटच्या बहुतेक वेबसाइटवर एवढी फाइल चढतही नाही.

फोनमधल्या आवाजांबद्दलही सांगायला हवं, कारण यापुढचे संग्रह तिथेच घडत आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवरची आवाजी निरोपाची फाइल ओपस प्रकारात असते. गेलेल्या माणसाचे असे निरोप लोक गाडीत वाजावेत म्हणून एमपी३ करतात आणि मूळ जाऊ देतात. एमपी३ करा, गाडीत वाजवा, पण ती ओपस फाइल आहे तशी, तारखेसकट, दोन ठिकाणी ठेवा. तिच्याहून चांगली प्रत जगात कुठेही नाही.

घरात कॅसेटी असतील तर आधी त्या वाजवून वेव्हमध्ये उतरवा, कारण चांगला डेक दुरुस्त करून देणारा माणूस आज मिळाला तरी पाच वर्षांनी मिळेल याची खात्री नाही. वेव्हच्या फ्लॅक करा, त्यांत देवनागरीत नावं घाला, ‘टी’ लावून तपासा, मगच ऐकण्यासाठी एमपी३ किंवा ओपस काढा, आणि प्रत्येक वेळी वापरलेली ओळ शेजारच्या मजकूर-फाइलीत लिहून ठेवा. संगणक येत नसेल तर घरातल्या शिकणाऱ्या मुलीला किंवा मुलाला शेजारी बसवा आणि हा लेख हातात द्या. मूळ कॅसेट मात्र, सगळं झाल्यावरही, फेकू नका.